औषधाचें उजवें-डावें

दोन वस्तु शेजारीं ठेवून त्यांत उजवी कोणती व डावी कोणती हें ठरविणें हा मनुष्याच्या बुद्धीचा नित्याचा व्यापार आहे. बाजारांत भाजी निवडणारी गृहिणी तो करते, मुलीसाठीं स्थळ पाहणारा बाप तो करतो, आणि मृगाच्या आधीं बियाण्याच्या दुकानीं उभा राहिलेला यवतमाळ जिल्ह्यांतील कापूस-शेतकरीही तोच करतो. परंतु या शेतकऱ्याच्या तुलनेंत एक शहाणपण असतें, तें आपणां शिकल्यासवरल्या लोकांच्या तुलनेंत पुष्कळदां आढळत नाहीं. अमुक वाणाला एकरीं इतका कापूस निघाला असें कोणी सांगूं लागला कीं, तो पहिला प्रश्न विचारतो, "कोणाच्या शेतांत?" ओलिताच्या काळ्या रानांत जो वाण उत्तम ठरला, तो कोरडवाहू बरड जमिनींत बोंडें धरीलच असें नाहीं, आणि ज्याचें उत्पन्न मोठें त्याचा फवारणीचा खर्चही मोठा, हें तो अनुभवानें जाणतो. उजवा खरा, पण कशाच्या मानानें, कोणासाठीं आणि कोणाच्या मापानें, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्याची तुलना पुरी होत नाहीं.

हेच तीन प्रश्न आज आम्ही एका निराळ्या शेतांत नेऊं इच्छितों. एच.आय.व्ही. या विषाणूवर आज अनेक औषधें उपलब्ध आहेत. त्यांतील चांगलें कोणतें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ वैद्यांचा व रसायनशास्त्रज्ञांचा आहे. आणि विषयाचें नांव ऐकूनच कांहीं वाचक पान उलटण्याच्या बेतांत असतील. त्यांना आमची विनंती आहे कीं त्यांनीं क्षणभर थांबावें. भारतांत हा विषाणु प्रथम १९८६ सालीं मद्रास येथें आढळला. तेव्हां हा रोग ट्रकवाल्यांचा व बदनाम वस्तीचा असें म्हणून घरंदाज समाजानें हात झटकले. पुढें तो उंबरठ्याच्या आंत आला. ज्यांनीं आयुष्यांत पतीवांचून दुसऱ्या पुरुषाकडे पाहिलें नाहीं अशा स्त्रियांच्या रक्तांत तो आढळला, व त्यांच्या तान्ह्या मुलांतही आढळला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या रोगाच्या औषधोपचाराचें केंद्र आहे. तेथें औषध घेण्यासाठीं येणाऱ्या माणसांचे चेहरे आपणांहून निराळे नसतात. तेव्हां हा प्रश्न परक्यांचा नव्हे.

प्रथम औषधाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. हा विषाणु शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींत शिरतो व त्यांच्याच सामग्रीवर आपल्या नकला काढतो. औषधें या नकला काढण्याच्या क्रियेंत अडथळा आणतात; विषाणूचें समूळ उच्चाटन मात्र करूं शकत नाहींत. म्हणून गोळी रोज घ्यावी लागते व जन्मभर घ्यावी लागते. मध्यें खंड पडत गेल्यास विषाणु त्या औषधाला दाद देईनासा होतो. तापाचें औषध हा चार दिवसांचा पाहुणा. हें औषध घरांत नांदावयास येतें. पाहुण्याची खोड आपण सोसून घेतों. नांदावयास येणाऱ्याची निवड करतांना मात्र जन्माचा विचार करावा लागतो. या औषधांच्या तुलनेला नैतिक वजन प्राप्त होतें तें येथें.

तुलना करणें हेंच मुळीं कर्तव्य आहे, ही पहिली गोष्ट. झिडोव्हुडीन हें या रोगावरील पहिलें औषध. तें १९६४ सालीं अमेरिकेंत कर्करोगासाठीं तयार करण्यांत आलें, त्या कामीं निरुपयोगी ठरलें व अडगळींत पडलें. पुढें या विषाणूवर तें चालतें असें दिसल्यावर १९८६ सालीं २८२ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. सुमारें निम्म्यांना औषध, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी. कांहीं महिन्यांतच पोकळ गोळीच्या गटांत १९ मृत्यु घडले, औषधाच्या गटांत एकच. परीक्षा तेथेंच थांबविण्यांत आली, व १९८७ च्या मार्चमध्यें औषधास परवानगी मिळाली. साहजिकच लोकांना वाटलें कीं, जें आजाऱ्यांस तारतें तें लक्षणें दिसण्यापूर्वींच सुरू केल्यास अधिक तारील. या समजुतीची परीक्षा ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्स या देशांत १,७४९ जणांवर झाली. तिचा निर्णय १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. तो असा कीं, एकट्या झिडोव्हुडीनचा आरंभ लवकर केल्यानें तीन वर्षांच्या अखेरीस जगण्या-मरण्यांत कांहींही लाभ दिसला नाहीं. किती निराशा झाली असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. परंतु ही निराशा उपकारक होती. एका औषधावर भिस्त न ठेवतां अनेकांची सांगड घातली पाहिजे हें तिनें पटविलें, आणि १९९६ पासून तीन औषधांच्या एकत्र उपचारानें मरणपंथास लागलेलीं माणसें उठून कामावर जाऊं लागलीं. सदिच्छा हें औषधाचें प्रमाणपत्र नव्हे. ज्या वैद्याला आपल्या औषधाची तुलना नको असते, त्याला रोग्याच्या प्राणापेक्षां आपला विश्वास अधिक प्रिय असतो.

तुलना कर्तव्य ठरली म्हणजे दुसरा प्रश्न उभा राहतो: तुलना कशाशीं करावयाची? या प्रश्नावर १९९७ सालीं जगांतील वैद्यवर्गांत जो वाद माजला, तो प्रत्येक विचारी माणसानें समजून घेण्यासारखा आहे. गरोदर स्त्रीस व नंतर बालकास झिडोव्हुडीन दिल्यास बालकाला रोग लागण्याचें प्रमाण शेंकडा २५ वरून सुमारें ८ वर येतें, असें १९९४ सालींच सिद्ध झालें होतें. परंतु तो उपचार लांबलचक व महागडा होता. म्हणून आफ्रिकेंतील कांहीं देशांत व थायलंडमध्यें आंखूड व स्वस्त उपचाराच्या परीक्षा सुरू झाल्या. आणि त्यांपैकीं बहुतेकांत तुलनेसाठीं दुसऱ्या गटांतील मातांना पोकळ गोळी दिली जात होती. आईकडून मुलाकडे रोग जाऊं नये याचा उपाय ठाऊक असतां कांहीं आयांच्या हातीं पोकळ गोळी ठेवली जात होती, हें उघडकीस येतांच टीकेचा भडिमार झाला.

प्रतिपक्षाचें म्हणणें न्यायानें मांडलें पाहिजे. ते म्हणत कीं, या स्त्रियांना त्यांच्या देशांत एरव्हीं कांहींच मिळत नव्हतें; म्हणून त्यांच्याकडून आम्ही कांहीं हिरावून घेतलें नाहीं. ज्या माता रक्तक्षयानें पीडित आहेत व बालकाला अंगावर पाजतात, त्यांच्यांत आंखूड उपचार मुळांत चालतो कीं नाहीं हेंच जाणावयाचें होतें. आणि त्याचें उत्तर पोकळ गोळीशीं तुलना केल्यानेंच लवकर मिळतें. थायलंडमधील परीक्षेचा निकाल १९९८ सालीं लागला, आंखूड उपचारानेंही रोगप्रसार जवळजवळ निम्म्यावर येतो असें दिसलें, आणि गरीब देशांना परवडणारा मार्ग खुला झाला. उत्तरास आणखी दोन वर्षें लागलीं असतीं तर त्या दोन वर्षांत जन्मलेल्या बालकांचा हिशेब कोणी द्यावयाचा? हा प्रश्न टोचणारा आहे, आणि तो टोचत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं.

तथापि या युक्तिवादांत एक कच्चा दुवा आहे. "त्यांना एरव्हीं कांहींच मिळत नव्हतें" हें वाक्य पाऊस पडला नाहीं या वाक्यासारखें उच्चारलें जातें. पण औषधाचा अभाव हा कांहीं अवर्षणाप्रमाणें दैवाधीन नव्हता. तो किंमतीमुळें होता, आणि किंमत माणसांनीं ठरविलेली होती. ज्या दारिद्र्याचें निवारण करावयाचें, त्यालाच तुलनेचें माप म्हणून स्वीकारलें कीं दारिद्र्य हें सबब होऊन बसतें. मग उद्या कोणीही म्हणेल कीं, झरी-जामणीच्या कोलाम बाईला पूर्वीं कांहींच मिळत नव्हतें, तेव्हां तिला जें द्याल तें उपकारच होय. आमचें मत असें आहे कीं, जेथें गुणकारी उपाय माहीत आहे तेथें नव्या उपायाची तुलना त्या माहीत असलेल्या उपायाशींच व्हावी. वैद्यकीय प्रयोगांच्या नीतीसंबंधींच्या हेलसिंकी घोषणेची जी सुधारणा २००० सालीं एडिंबरो येथें झाली, तिनें हेंच तत्त्व आग्रहानें मांडलें.

न्याय्य रीतीनें तुलना होऊं शकते याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. पुण्याजवळ भोसरी येथें १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर जी एक मोठी परीक्षा झाली, तींत या संस्थेचा भाग होता. या जोडप्यांत एकास विषाणूची बाधा होती व दुसऱ्यास नव्हती. कांहींना औषध लागलींच सुरू करण्यांत आलें, कांहींना त्या वेळच्या प्रथेस अनुसरून प्रकृति उतरूं लागल्यावर. २०११ सालीं असें दिसून आलें कीं लवकर औषध घेणाऱ्यांच्या जोडीदारांना त्यांच्याकडून होणारी बाधा शेंकडा ९६ नें घटते. हें स्पष्ट होतांच निकाल ठरल्या मुदतीपूर्वीं जाहीर करण्यांत आला व उरलेल्या सर्वांना औषध देऊं केलें गेलें. ज्या क्षणीं ज्ञान झालें, त्या क्षणीं तें ज्यांच्या शरीरावरून मिळविलें त्यांच्या पदरांत पडलें. तुलनेची नीति याहून निराळी नाहीं. शिवाय आतां आपणांस निश्चितपणें माहीत आहे कीं, नियमित औषधानें ज्याच्या रक्तांतील विषाणु मोजणींत सांपडेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधानें जोडीदारास रोग लागत नाहीं. केवढ्या मोठ्या भयाचें ओझें हें!

आतां किंमतीच्या प्रश्नाकडे वळूं. २००० च्या सुमारास तीन औषधांच्या उपचाराला माणशीं वर्षाकांठीं १०,००० डॉलर किंवा त्याहूनही अधिक खर्च येई. २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे यूसुफ हमीद यांनीं तोच उपचार ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किंमतींत, एका परोपकारी वैद्यसंस्थेस देऊं केला. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या पदार्थावर मक्ता न देतां केवळ तें तयार करण्याच्या कृतीवर दिला होता, म्हणून हें शक्य झालें. पुढें २००४ च्या १ एप्रिलपासून भारत सरकारनें आठ रुग्णालयांतून फुकट औषध देण्यास आरंभ केला.

त्या स्वस्त उपचारांत स्टॅव्हुडीन नांवाचें औषध होतें. विषाणूला आवरण्यांत तें कमी नव्हतें. रक्ताची तपासणी हेंच एक माप धरलें तर तें आपल्या सोबत्यांच्या बरोबरीनें उभें राही. परंतु तें पेशींतील शक्ति निर्माण करणाऱ्या भागांस इजा करी. पायांच्या तळव्यांची आग होई. आणि गालांवरची, हातापायांवरची चरबी झडून चेहरा ओळखूं येण्याजोगा खप्पड होई. मोठ्या शहरांत खप्पड चेहरा गर्दींत लपतो. खेड्यांत तो बोलतो. जें गुपित राखण्यासाठीं बाई तालुक्याचें गांव टाळून दूरच्या रुग्णालयांत जाते, तें तिचे गालच पाणवठ्यावर सांगूं लागले तर औषधानें जीव वांचविला खरा, पण जगणें कोठें ठेवलें? विषाणूची मोजणी करणाऱ्या तक्त्यांत या दुःखासाठीं एकही रकाना नव्हता.

मग स्टॅव्हुडीन देणें हें पाप होतें काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. २००४ सालीं त्याचा पर्याय मरण हा होता. तेव्हां तें देणें धर्म होता, व न देणें निष्ठुरपणा झाला असता. पण जसजशीं टेनोफोव्हिरसारखीं बरीं औषधें स्वस्त होत गेलीं, तसतसा तो धर्म उरला नाहीं. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें स्टॅव्हुडीन हळूहळू बंद करावें असा सल्ला दिला. मरणाच्या जागीं दिलेलें औषध आणि बऱ्या औषधाच्या जागीं दिलेलें औषध, हीं गोळी एकच असली तरी नीतीच्या दृष्टीनें दोन निरनिराळीं औषधें होत. आपल्या दानाचा दाता अभिमान धरतो आणि काल जें उपकार होतें तें आज अन्याय झालें हें त्याला दिसत नाहीं, हा सर्व दानधर्मांतील जुना दोष आहे. तुलना एकदां करून भागत नाहीं. ती पुन्हां पुन्हां करावी लागते.

तिसरा प्रश्न मापाचा. उदाहरणासाठीं राळेगांवकडील एक शेतमजूर कल्पूं या. रानडुकरें पीक उधळतात म्हणून तो रात्रीं शेतांत जागलीला जातो. त्याला इफाव्हिरेंझ हें औषध दिलें. तें निजतांना घ्यावयाचें; त्यानें गरगरतें, विचित्र स्वप्नें पडतात. पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं हे त्रास बहुधा कांहीं आठवड्यांत ओसरतात व रात्रीं घेतल्यानें बाधक होत नाहींत. पुस्तक लिहिणाऱ्यानें रात्र म्हणजे झोंप असें गृहीत धरलें होतें. या मजुराची रात्र म्हणजे मजुरी. दुसरी एक कापूस वेचणारी बाई कल्पूं या. तिचें रक्त आधींच उणें. झिडोव्हुडीननें तें आणखी उणें होण्याचा संभव. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. तिला धाप लागली कीं दुपारीं ओटीचा कापूस कमी भरतो. या दोघांनीं एके दिवशीं गोळी टाळली तर वैद्य त्यांना बेपर्वा म्हणेल. आम्ही म्हणूं कीं त्यांनींही एक तुलनाच केली, आणि तीं मापें वैद्यानें त्यांना कधीं विचारलींच नव्हतीं.

हा दोष केवळ लहान जागीं घडतो असें नाहीं. डोल्युटेग्रॅव्हिर हें औषध जुन्या औषधांहून अनेक बाबतींत सरस ठरलें: विषाणु लवकर आवरला जातो, व तो या औषधाला सहजासहजीं जुमानेनासा होत नाहीं. परंतु २०१८ च्या मे महिन्यांत बोट्स्वानामधून सूचना आली कीं, गर्भधारणेच्या वेळीं हें औषध चालू असलेल्या ४२६ स्त्रियांपैकीं चौघींच्या बालकांत मेंदू वा पाठीच्या कण्याची विकृति आढळली. लागलींच अनेक ठिकाणीं मूल होण्याच्या वयाच्या सर्वच स्त्रियांना या औषधापासून दूर ठेवण्याची भाषा सुरू झाली. जिला मूल नको होतें तिलाही. जी संततिनियमन करीत होती तिलाही. तेव्हां आफ्रिकेंतील अशाच स्त्रिया त्या जुलैमध्यें किगाली येथें जमल्या व त्यांनीं बजावलें कीं, धोका आम्हांस सांगा, पण निवड आमची आम्हांस करूं द्या. पुढें अधिक बाळंतपणांची नोंद होत गेली तसतसें धोक्याचें प्रमाण खालीं येत गेलें. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हें औषध सर्वांसाठीं पसंत ठरविलें. आणि आणखी नोंदींनंतर तो फरक उरलाच नाहीं. येथें आमचा मुद्दा शेवटीं धोका निघाला नाहीं हा नाहीं. तो निघाला असता तरीही त्या स्त्रियांचें म्हणणें खरेंच राहिलें असतें. स्त्रीच्या देहाकडे केवळ उद्यांच्या गर्भाची पिशवी म्हणून पाहून तिच्या आजच्या प्राणाची किंमत दुसऱ्यानें ठरवावी, हें मापच खोटें होतें.

यावर एक व्यवहारी आक्षेप येईल. सरकारच्या पैशाला मर्यादा आहे. लक्षावधि माणसांना औषध पुरवावयाचें तर प्रत्येकाच्या आवडीनिवडी पुरवीत बसतां येणार नाहीं. सर्वांना एकच गोळी असावी यांतच समता व सोय आहे. या आक्षेपांत तथ्य आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्र गोळी दिवसांतून एकदांच घ्यावी लागते, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानें ती स्वीकारली आहे. यवतमाळच्या कोरडवाहू शेतमजुराला व श्रीमंत देशांतील सावकाराला मूळ औषध सारख्याच गुणाचें मिळावें, ही गोष्ट मनुष्यजातीच्या इतिहासांत वारंवार घडलेली नाहीं. पण सर्वांसाठीं एक नियम असणें निराळें, व त्या नियमाखालीं दबलेल्याची तक्रार ऐकूनच न घेणें निराळें. या गोळीनेंही कित्येकांचें, विशेषतः स्त्रियांचें, वजन वाढतें, कांहींची झोंप उडते, आणि टेनोफोव्हिर मूत्रपिंडास जपून द्यावें लागतें. आम्ही आवडीनिवडी पुरवा असें म्हणत नाहीं. विचारा असें म्हणतों. विचारण्यास पैसा लागत नाहीं, थोडा वेळ व पुष्कळसा आदर लागतो. ज्याला विचारलें जातें तो गोळी चुकवीत नाहीं, आणि गोळी न चुकणें हाच या रोगांतील सर्वांत मोठा काटकसरीचा मार्ग आहे.

आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांच्या हातीं औषधांची निवड आहे. परंतु निवडीच्या मापांत त्यांचाही एक वाटा आहे, हें ध्यानांत आणून देऊन लेख पुरा करूं. स्टॅव्हुडीननें गाल बसत, पण त्या गालांना लाज कोणी जोडली? तक्त्यांत तो रकाना भरण्याचें काम शेजाऱ्यांनीं केलें, आपण केलें. २०१७ सालीं या रोग्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व २०१८ च्या १० सप्टेंबरपासून तो अमलांत आला. नोकरींत, शाळेंत, दवाखान्यांत भेद करण्यास त्यानें मनाई केली. कायदा कचेरींत पोंचतो. स्वयंपाकघरांत पोंचत नाहीं. मोलकरणीचा पेला निराळा ठेवणारें घर कोणत्याही औषधाची किंमत वाढवितें. गोळी डब्यांत लपवावी लागते, लग्नकार्यांत चार दिवस राहिलें तर ती चुकते, आणि सरस औषधही निरस ठरतें. मग दोष आपण औषधाला देतों.

तेव्हां पुन्हां त्या शेतकऱ्याकडे येऊं. वाण उजवा कीं डावा हें तो दुकानांतल्या चित्रावरून ठरवीत नाहीं. आपल्या रानांतले दोन पट्टे पेरून, पोळा, दसरा, दिवाळीपर्यंत रोज त्यांतून चालून ठरवितो. औषधाचें खरें रान म्हणजे रोग्याचें आयुष्य होय. त्या रानांतून जो रोज चालतो, त्याला न विचारतां केलेली तुलना कितीही शास्त्रीय असली तरी अर्धीच समजावी.